ओळखीचं कुणी आहे का?

आरोग्यसेवा सरकारी हवी की खाजगी, हा सगळा वाद १९४६ साली नाशिकच्या एका माणसानं मिटवून टाकला होता. सर जोसेफ भोर हे त्यांचं नाव. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मग आयसीएस, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रेल्वे आणि व्यापार ही खाती. म्हणजे लोकांना ताटकळत ठेवणं काय असतं, याची माहिती घरचीच. १९४३ मध्ये सरकारनं त्यांना देशाच्या आरोग्याचं काय करावं ते विचारलं. आपल्याकडे असं विचारलं की समजूतदार माणूस मुदतवाढ मागतो. भोरांनी तीन वर्षांत चार खंडांचं उत्तर दिलं. त्याचं सार एवढंच, की पैसे नाहीत म्हणून या देशात कुणावर उपचाराविना राहायची वेळ येता कामा नये.

त्याच वर्षी ब्रिटनच्या पार्लमेंटनं राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा केला आणि ५ जुलै १९४८ ला सेवा सुरूही केली. तिकडे पेशंट दाखल झाले, इकडे अहवाल दाखल झाला. अगदीच काही झालं नाही म्हणणं अन्यायाचं होईल. गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रं ही याच अहवालाची लेकरं. पण बाप चार खंडांचा आणि लेकरं कुपोषित, अशी ती गत झाली. तेव्हापासून हा मिटलेला वाद आपल्याकडे चालूच आहे, आणि तो विधानसभेत कमी आणि पेशंटच्या उशाशी जास्त चालतो.

उशाशीच का, तर तिथं माणसं जमतात, त्यांना वेळ असतो, समोर शहाळं असतं आणि ज्याला खरोखर काही सांगायचंय त्याच्या तोंडात थर्मामीटर असतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा हा वाद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. हिवाळा असल्यामुळे परदेशस्थ मंडळी आलेलीच होती. आतेभाऊ लंडनजवळ हॅरोचा, मावसभाऊ न्यू जर्सीतल्या एडिसनचा, आणि देशी बाजू सांभाळायला मामांच्या शेजारचे नाना, जिल्हा परिषदेतून निवृत्त. मामांना टाके होते, त्यामुळे त्यांना हसायला, खोकायला आणि मत मांडायला बंदी होती.

सुरुवात आतेभावानं केली. “आमच्याकडे याला एक पेनी लागली नसती.”

मामी म्हणाल्या, “अरे, मग तिकडेच न्यायला हवं होतं यांना. किती दिवसांत झालं असतं?”

“हर्निया काही इमर्जन्सी नाही ना, मामी. अठरा आठवड्यांचं टार्गेट आहे.”

“टार्गेट म्हणजे तेवढ्यात होतं?”

“तेवढ्यात व्हावं, अशी अपेक्षा असते.”

“आणि होतं का?”

आतेभाऊ संत्रं सोलायला लागला.

तो लपवत नव्हता. माणूस प्रामाणिक आहे. पुढे त्यानंच सांगितलं, की त्याच्या भागात फॅमिली डॉक्टरची वेळ हवी असेल तर सकाळी ठीक आठला फोन लावावा लागतो. आठला लावला तर एंगेज लागतो, आठ वाजून पाच मिनिटांनी लावला तर आजच्या वेळा संपलेल्या असतात. मधल्या एखाद्या पवित्र सेकंदाला फोन लागलाच, तर रिसेप्शनची बाई काय होतंय ते विचारते, आणि आपण ते सांगता सांगता आपल्यालाच वाटायला लागतं की एवढं काही होत नाहीये. पुष्कळ आजार असे फोनवरच बरे होतात. उरलेल्यांना पॅरासिटामॉल. मात्र खरोखर छातीत कळ आली, अपघात झाला, कॅन्सर निघाला, तर कुणी क्रेडिट कार्ड मागत नाही, डिपॉझिट मागत नाही, आणि घरी जाताना काउंटरवर थांबायचं नसतं कारण असा काउंटरच नसतो. हे सांगताना त्याचा आवाज जरा जड झाला. त्या लोकांचं या सेवेवर असलेलं प्रेम आपल्याला कळणं कठीण आहे. २०१२ च्या ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला त्यांनी भर मैदानात दवाखान्याच्या खाटा आणल्या आणि नर्स नाचवल्या. जगाला दाखवायला त्यांच्याकडे शेक्सपिअर होता, राणी होती, तरी सोबत सरकारी दवाखाना दाखवला. आपण सिव्हिलच्या खाटा मैदानात आणल्या असत्या तर लोकांनी एवढंच विचारलं असतं, मग पेशंट कुठं ठेवलेत?

ही सेवा उभी करणारे आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. डॉक्टरांच्या संघटनेनं त्यांना कडाडून विरोध केला होता. बड्या डॉक्टरांना त्यांनी सरकारी पगारासोबत खाजगी प्रॅक्टिसचीही मुभा देऊन गप्प बसवलं, आणि ही मुभा कशी दिली ते नंतर फारसं लपवलंही नाही. मात्र १९५१ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या सरकारनं चष्मे आणि दातांच्या कवळ्या यांवर पैसे घ्यायचं ठरवलं, तेव्हा बेव्हननी मंत्रिपद सोडलं. कवळीसाठी मंत्र्यानं खुर्ची सोडली, हे ऐकून नानांना गहिवरून आलं. त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

कवळीवरून विषय दातांवर आला आणि तिथं आतेभावाची बाजू जरा हलायला लागली. सरकारी सेवेतला दंतवैद्य तिकडे मिळता मिळत नाही, त्यामुळे तो दर दोन वर्षांनी पुण्यात येऊन रूट कॅनाल करून घेतो. राष्ट्रीय आरोग्य सेवेचा एवढा कट्टर भक्त, पण त्याच्या तोंडात सगळी सदाशिव पेठ आहे.

मावसभाऊ इतका वेळ गालात हसत होता. अमेरिकेचा माणूस वादात घाई करत नाही. तिथं वकिलाचे तासावर पैसे असतात. “आमच्याकडे वेटिंगची भानगड नाही,” तो म्हणाला. “चांगला इन्शुरन्स असला की एमआरआय या आठवड्यात.”

“आणि बिल?” नानांनी विचारलं.

“बिल नंतर.”

हे ‘नंतर’ म्हणजे काय ते त्यानं हळूहळू उलगडलं. आधी घरी एक पत्र येतं. त्यावर मोठा आकडा असतो आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की हे बिल नाही. माणूस पाणी पितो. मग दुसरं पत्र येतं. दवाखान्यानं इतके मागितले, विमा कंपनीनं इतके मान्य केले, मधले इतके कुणीच कुणाला द्यायचे नाहीत. ही मधली रक्कम कुठून आली आणि कुठं गेली, हे आजवर कुणालाही समजलेलं नाही. ती नुसतीच दर्शन देऊन जाते. मग शेवटी खरं बिल येतं, आणि त्यात पहिले काही हजार डॉलर तुमचेच असतात, कारण विमा त्यानंतर सुरू होतो. पूर्वी आणखी मजा होती. दवाखाना विमा कंपनीच्या यादीतला, सर्जन यादीतला, पण भूल देणारा डॉक्टर यादीबाहेरचा, असं निघायचं आणि त्याचं वेगळं बिल यायचं. भूल चढलेल्या माणसानं उठून त्या डॉक्टरला हे विचारायला हवं होतं, अशी व्यवस्थेची अपेक्षा होती. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानं पेशंटला या कर्तव्यातून सोडवलं. रस्त्यावरून धावणारी अॅम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यातून निसटली. त्यामुळे छातीत दुखायला लागलं की तिथला विचारी माणूस आधी टॅक्सीचं अॅप उघडून बघतो.

हा विमा नोकरीला बांधलेला का, हा मामींचा प्रश्न बिनतोड होता. त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं पगारवाढ गोठवली. कामगार टिकवायला पगार वाढवता येईना, तेव्हा कंपन्यांनी आरोग्य विम्याचं आमिष दाखवलं. युद्ध १९४५ ला संपलं, आमिष तसंच राहिलं. मावसभावाचं त्याच्या साहेबाशी अजिबात पटत नाही. पण वहिनींचा थायरॉईड आणि मुलाच्या दातांच्या तारा साहेबाच्या ताब्यात आहेत, तेव्हा तो रोज हसून गुड मॉर्निंग म्हणतो.

तिथंही म्हाताऱ्यांसाठी सरकारी योजना आहे, मेडिकेअर. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांना दिलं, कारण अशी योजना आणायची म्हणून ट्रुमन अध्यक्ष असताना झगडले आणि हरले होते. पुढे ओबामांनी विम्याचा कायदा आणायला घेतला तेव्हा सभांमधून काही ज्येष्ठ नागरिक संतापून उठले, की सरकारनं आमच्या मेडिकेअरला हात लावायचं कारण नाही! नाना हे ऐकून उठून बसले. “सरकारी योजनेत सरकारनं ढवळाढवळ करू नये? अरे, हे तर आपले लोक!”

एवढं करून तो देश आपल्या एकूण उत्पन्नातल्या दर शंभर डॉलरमधले सतरा-अठरा आरोग्यावर घालवतो, जगातल्या कुठल्याही मोठ्या देशापेक्षा जास्त. मावसभाऊ याचा अभिमान बाळगावा की नाही या संभ्रमात असतो. परतताना त्याच्या बॅगेत भाकरवडीच्या पुड्यांखाली सहा महिन्यांच्या गोळ्या असतात, पुण्याच्या मेडिकलमधून घेतलेल्या.

आता नानांची पाळी. नाना कट्टर सरकारीवादी. शिक्षण आणि आरोग्य सरकारनंच करावं, ही त्यांची भूमिका ते जिल्हा परिषदेत रुजू झाले त्या दिवसापासून अढळ आहे. त्यांची अँजिओप्लास्टी खाजगीत झाली, मोतीबिंदू खाजगीत, नात खाजगीत जन्मली. नानांच्या मनाचा कौल सरकारी आणि देहाचा खाजगी, आणि यात त्यांना काडीचीही विसंगती दिसत नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसत नाही. सरकारी दवाखाना असलाच पाहिजे याबद्दल आपल्या मध्यमवर्गाचं एकमत आहे. तिथं जायचं कुणी, एवढाच मुद्दा आपण कामवाल्या मावशींवर सोपवलेला आहे.

पण आपल्याकडे यातलं सरकारी कोणतं आणि खाजगी कोणतं, हे तरी कुठं सरळ आहे? सरकारी दवाखान्यांच्या पाट्या वाचा. मुंबईत जमशेटजी जीजीभाईंचं जे. जे., पुण्यात डेव्हिड ससूनच्या देणगीतून उभं राहिलेलं ससून, मुंबईच्याच केईएमला नाव राजाचं पण त्याच्या कॉलेजला शेठ गोरधनदास सुंदरदासांचं. १९२६ मध्ये ते कॉलेज उघडलं तेव्हा देणगीदारांची अटच होती, की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. म्हणजे शेठजींनी बांधलेलं ते सरकारी. उलट, जिथं शिरताना गार वारा लागतो आणि कॉफीचा वास येतो, अशी कितीतरी खाजगी इस्पितळं कागदावर सार्वजनिक धर्मादाय न्यास असतात. त्यांना कायद्यानं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलांतून दोन टक्के बाजूला काढावे लागतात. याची पाटीही लावायची असते. ती असते. कुंडीतलं झाड जरा वाकवलं की दिसते.

बरं, सरकारी म्हणजे तरी कुठलं सरकार? ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार सगळं मोफत झालं, केस पेपरसुद्धा. उत्तम निर्णय. पण उपजिल्हा रुग्णालय त्या विभागाचं, ससून आणि जे. जे. वैद्यकीय शिक्षण विभागाचं, केईएम महापालिकेचं, कामगार विम्याचा दवाखाना आणखी दुसऱ्याच कुणाचा आणि रेल्वेचा तर रेल्वेचाच. आजारी पडताना माणसानं आपण कुठल्या खात्यात आजारी पडतो आहोत, इकडे लक्ष ठेवायला हवं.

डॉक्टरांविषयी मात्र एक शब्द वावगा बोलणार नाही. मोठ्या सरकारी इस्पितळात सकाळच्या ओपीडीला तीन-चार तासांची झोप काढून आलेला निवासी डॉक्टर उभ्या उभ्या जे निदान करतो, तेच निदान कॉफीच्या वासात तीन स्कॅननंतर होतं. केईएमच्या वॉर्डात जमिनीवर गादी टाकून बरे झालेले लोक मी पाहिले आहेत. फक्त त्यांच्यासोबत त्यांचा एक माणूस लागतो, जो रक्ताची बाटली आणेल, रिपोर्ट घेऊन येईल, स्ट्रेचर ढकलेल आणि रात्री खाटेखाली झोपेल. तिथं उपचार पेशंटवर होतात, पण दमतो नातेवाईक.

खाजगीत नातेवाईक बसतो. टीपीए डेस्कसमोर, म्हणजे विम्याच्या खिडकीसमोर.

मामांच्या ऑपरेशनमुळे मला या शास्त्राची चांगली ओळख झाली. पहिला नियम असा, की ऑपरेशनची किंमत खोलीवर ठरते. हर्निया तोच, जाळी तीच, सर्जन तोच, ऑपरेशन थिएटर तर सगळ्यांना एकच. पण पेशंट जनरल वॉर्डातून खाली आणला तर सर्जनची फी एक आणि डिलक्समधून आणला तर दुसरी. खोलीत सोफा असला की आतडं बसवायला जास्त कौशल्य लागतं, असं असणार. त्यातून पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही तिच्यावरची खोली घेतली, तर विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही, त्याच प्रमाणात सर्जनची फीसुद्धा कापते. दुसरा नियम, हातमोजे. डॉक्टरांनी ऑपरेशन करताना मोजे घातले, मास्क लावला, तर ती विम्याच्या दृष्टीनं पेशंटनं केलेली हौस. अशा न मिळणाऱ्या वस्तूंची रीतसर छापील यादी आहे.

तिसरा नियम डिस्चार्जचा. विमा नियामकानं २०२४ मध्ये बजावलं, की दवाखान्याकडून मागणी आल्यावर तीन तासांत कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायचीच. तीन तास पाळले जातीलही. ते सुरू कधी होतात, हा प्रश्न वेगळा. डॉक्टर राउंडला येऊन “आज घरी जा” म्हणतात तो मुहूर्त धरायचा नसतो. मग सिस्टर फाइल लिहितात, फार्मसीचा हिशेब येतो, उरलेल्या सुया परत जातात, कुणीतरी जेवायला जातं, आणि मग कुठंतरी दुपारी मागणी निघते. मामा सकाळी नऊपासून पँट-शर्ट घालून, केस विंचरून, पाहुण्यासारखे स्वतःच्या खाटेच्या कडेला बसले होते.

मधल्या काळात नानांनी आपलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. रेशनकार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ मध्ये सगळ्याच रेशनकार्डधारकांना खुली करायचं आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच द्यायचं राज्यानं ठरवलं, तेव्हा आमच्या सोसायटीत मोठी धांदल उडाली होती. पांढऱ्या कार्डावर वर्षानुवर्षं कुणी साखर उचललेली नव्हती. कुणाचं कार्ड दिवाणाच्या तळाशी, कुणाचं देवघरातल्या पंचांगात. एका घरात त्यावर अजून स्वर्गीय आजोबा कुटुंबप्रमुख होते. नानांचं कार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राच्या आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता घेतल्यामुळे त्यांच्याकडे दुसरंही कार्ड. दोन्ही खिशात घालून ते ऐटीत फिरतात. वाईट एवढंच, की ज्या दवाखान्यात ही कार्डं चालतात तिथं नानांना जायचं नसतं, आणि जिथं जायचं असतं तिथं काउंटरवरची मुलगी कार्ड हातात न घेताच गोड हसते. योजनेच्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ नावाचा एक माणूस बसतो. या योजनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो. सरकारलाही एव्हाना कळलंय, की या देशात दवाखान्यात जायचं तर आत आपला एक मित्र लागतो.

कारण आपली खरी पद्धत ना सरकारी ना खाजगी. ती ओळखीची. आतेभावाला रांगेत उभं राहता येतं, मावसभावाला पत्रं फाइलला लावता येतात. आपल्याला दोन्ही जमत नाही, आपण फोन लावतो. घरात कुणाला घेरी आली की पहिलं वाक्य “डॉक्टरला बोलवा” असं नसतं. “तिथं आपल्या ओळखीचं कुणी आहे का?” हे असतं. सरकारीत ओळख असेल तर खाट मिळते, खाजगीत असेल तर बिलावर दहा टक्के कमी होतात. २०२१-२२ च्या सरकारी हिशेबाप्रमाणे आपल्याकडच्या आरोग्यखर्चाच्या शंभर रुपयांतले ३९ रुपये लोक थेट स्वतःच्या खिशातून भरतात. किती लोक कुणाच्या शब्दावर आत शिरतात, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पैशावाचून कुणी अडू नये एवढंच भोरांनी पाहिलं. मेव्हण्याचा मित्र रेडिओलॉजिस्ट नाही म्हणून माणूस अडेल, हे त्यांच्या चार खंडांत नाही. माझ्या फोनमध्ये नातेवाइकांपेक्षा अशी माणसं जास्त आहेत. ‘सिव्हिल सिस्टर’, ‘ब्लड बँक दादा’, ‘एक्स-रे मामा’, ‘टीपीए मॅडम (चांगल्या)’, ‘टीपीए मॅडम (दुसऱ्या)’. यांतल्या एकाचंही खरं नाव मला ठाऊक नाही.

मामा घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी साताऱ्याहून एका लांबच्या काकूंचा फोन आला. काकांना पुण्यात मामांच्याच दवाखान्यात आणताहेत, आयसीयूत खाट नाही म्हणतात, आणि “तुझी तिथं चांगली ओळख आहे म्हणे.” माझी तिथं ओळख एकाच माणसाची होती. रात्रीचा लिफ्टमन. मामा आत असताना मी त्याला दोनदा चहा पाजला होता आणि त्याच्या पोरीच्या बारावीच्या मार्कांची चौकशी केली होती. मी भीत भीत त्याला फोन लावला. तो म्हणाला, “पाच मिनिटं थांबा साहेब,” आणि चौथ्या मिनिटाला त्याचा फोन आला, “चौथ्या मजल्यावर एक होतेय रिकामी. मागच्या गेटनं आणा, मी खालीच आहे.”

काका आठवड्यात बरे होऊन साताऱ्याला गेले. काकूंनी मोठ्या डॉक्टरांना शाल दिली, मला कंदी पेढे पाठवले, आणि त्यांच्या गावच्या तिघांना माझा नंबर दिला.